गावात विधवा प्रथा बंदीचा ठराव करायचा आहे. कसा करावा, आणि तो पाळला जावा म्हणून काय करावं?

ठराव होतो, त्यात फारसं अवघड काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 ला तो केला आणि 17 मेला शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. परिपत्रकाची प्रत जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या. विषय ग्रामसभेच्या नोटिशीतच छापून यायला हवा. ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलला तर तोवर निम्मी माणसं उठलेली असतात. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत तो मांडा; सूचक-अनुमोदकांपैकी एक तरी विधवा असावी. ‘अनिष्ट प्रथा’ असं मोघम लिहू नका. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं नावानिशी लिहा.

पण ठराव मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. ठराव पाळणाऱ्या घराला भावकीने वाळीत टाकलं, तर मात्र 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा लागतो: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरी कसोटी मयताच्या दिवशी. जिचा नवरा गेला ती भानावर नसते. जवळच्याच बायका, त्यांतल्या कितीतरी स्वतः विधवा, तिचे हात धरतात. बांगड्या दगडावर आपटताना काचा मनगटात घुसतात. या बायका दुष्ट नसतात. आपल्या वाट्याला आलं तेच रीत म्हणून पुढे चालवतात. त्या दिवशी त्यांना चारचौघांत सुनावलं तर त्या हट्टाला पेटतात, म्हणून बोलणं आधीच व्हायला हवं. बचत गटातल्या दोघी-तिघी ठरवून ठेवा. बातमी कळताच त्यांनी जाऊन तिच्या अगदी शेजारी बसायचं, उठायचं नाही. सासू आणि दिराशी सरपंचांनी तिरडी बांधायच्या आधी बोलावं. काही गावांत हा विधी दहाव्याला होतो, तिथे त्या दिवशीही हजर राहा.

आणि तिला विचारा. एखादीला मंगळसूत्र स्वतःहून काढून ठेवायचं असतं. तिथे बळेच कुंकू लावणं हाही तिचा अपमानच.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तिला वेगळी बसवून वाण देऊ नका, ओळीतच द्या. बोलावणं फोनवर नको, घरी जाऊन करा. पहिल्या वर्षी बऱ्याच जणी येत नाहीत. पुढच्या संक्रांतीला पुन्हा जा.