आयपीओतला टेक शेअर निम्म्यावर: धरायचा की काढायचा?

शेअर निम्म्यावर आलाय, अजून थोडे घेऊन सरासरी खाली आणू का, असं तुम्ही विचारलंय. सरासरीचं नंतर बघू. आधी तो कशामुळे पडला ते शोधा, कारण सगळ्या पडझडी सारख्या नसतात.

झोमॅटो, म्हणजे आजची इटर्नल, ७६ ला आली, १६९ पर्यंत गेली आणि जुलै २०२२ मध्ये ४१ च्या आसपास आपटली. जुन्या गुंतवणूकदारांचा लॉक-इन, म्हणजे शेअर विकायची बंदी, त्याच महिन्यात सुटला होता आणि ब्लिंकिट ही कंपनी विकत घेण्यासाठी नवे शेअर निघणार होते. म्हणजे बाजारात विक्रीला शेअर वाढले, पण ऑर्डरी काही आटल्या नव्हत्या. पुढे जून २०२३ च्या तिमाहीत २ कोटींचा पहिला नफा दिसला. पेटीएमचं तसं नव्हतं. २१५० चा भाव पहिल्याच दिवशी २७ टक्के घसरला, तो मुळात महाग विकला म्हणून. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा मात्र धंद्यालाच हात लागला. त्यानंतर सलग लोअर सर्किट लागली, म्हणजे भाव दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेलाच अडकला. खाली घेणाराच नसेल तर स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर) लावूनही शेअर विकला जात नाही, हे बरेच जण विसरतात. त्या मे महिन्यात भाव ३१० झाला. तिथून २१५० ला यायचं तर जवळजवळ सातपट व्हावं लागतं.

तुमच्या कंपनीचे गेल्या आठ तिमाहींचे निकाल बीएसईच्या साइटवरून काढा. 'ईसॉप खर्चापूर्वीचा एबिटा' सोडून द्या; ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर, एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा धरण्यापूर्वीची कमाई. ईसॉपचा खर्च शेवटी तुमच्याच हिश्श्यातून जातो. 'अपवादात्मक बाबी' आणि 'इतर उत्पन्न' वजा करूनच नफा वाचा. सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत पेटीएमचा ९३० कोटींचा नफा गाजला, पण त्यात तिकीट व्यवसाय झोमॅटोला विकून झालेला सुमारे १३४५ कोटींचा लाभ धरलेला होता. ते काढलं की तोटाच उरतो! हातातली रोकड भागिले तिमाहीत जळणारी रोकड, हा आकडाही काढा. आठ तिमाहींपेक्षा कमी आला तर नवे शेअर निघणार असं धरून चाला आणि सरासरी करू नका.

विकायचं ठरलं तर कर मोजताना वर्षाच्या आतला तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही नफ्यांतून वळता होतो, वर्षानंतरचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.