हृदय विरुद्ध मन? मग भांडतंय तरी कोण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका ताईंनी विचारलंय. मुलाला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळाला, 'हृदय आणि मन यांतील संघर्ष'. पोरगं पहिल्याच वाक्याला अडलं. म्हणालं, "आई, हृदय आणि मन एकच की! मग भांडतंय कोण?" ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: विषयाची ही शब्दरचना बरोबर आहे का, आणि मराठीतलं मन हे काळजाच्या बाजूचं की डोक्याच्या?

ताई, पोराला शंका रास्त आली आहे. विषय इंग्रजीतून उचललेला दिसतो. तिकडं 'हार्ट' आणि 'माइंड' ही ठरलेली जोडी. शब्दकोशात पहिल्यापुढं हृदय आणि दुसऱ्यापुढं मन दिलेलं असतं, तेवढं उतरवून घेतलं की विषय तयार. शब्द दोन्ही आपले, पण जोडी आपली नाही. मराठीत मनासमोर उभी राहते ती बुद्धी. फळ्यावर 'मन आणि बुद्धी' लिहिलं असतं तर पोरगं अडलंच नसतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दुसऱ्यात मात्र बरीच गंमत आहे.

'मन' ज्या धातूपासून आला त्या 'मन्'चा अर्थच मुळी विचार करणं, मानणं. मनन, मत, मती ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे जन्मानं मन विचार करणारं, आणि तरी आपण त्याला बुद्धीच्या विरोधात उभं करतो. हे खूळ मराठीचं नव्हे, फार जुनं आहे. कठोपनिषदात शरीर म्हणजे रथ, इंद्रियं म्हणजे घोडे, मन म्हणजे लगाम आणि बुद्धी म्हणजे सारथी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही इंद्रियांच्या वर मन आणि मनाच्या वर बुद्धी अशीच उतरंड येते. शास्त्रकारांनी कामंही वाटून दिली: 'करू का नको' हा घोळ मनाचा, 'हेच करायचं' हा निश्चय बुद्धीचा. या सगळ्यात हृदय भांडणारा पक्षच नाही. चरकसंहितेत तर मनाचा मुक्कामच हृदयात सांगितलाय, त्यामुळं 'दोन्ही एकच की' म्हणणारं पोरगं अगदीच एकटं नाही.

'अंतःकरण' या शब्दाचं तर आपण भलतंच केलं. वेदान्तात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चौघांना मिळून अंतःकरण म्हणतात. आतली हत्यारं, असा त्याचा साधा अर्थ. मराठीत आपण 'जड अंतःकरणानं निरोप' देतो, 'अंतःकरण पिळवटून' टाकतो. त्या अंतःकरणात बुद्धीसुद्धा बसली होती, हे निरोप देणाऱ्याच्या गावीही नसतं.

आता रोजच्या बोलण्यातलं मन बघा. 'मन लावून अभ्यास कर' म्हणतो तेव्हा मन म्हणजे लक्ष. 'मनावर घेतलं तर करेल' यात ते इच्छाशक्ती होतं. 'मनात धरून बसलाय' यात अढी. 'मनानंच काहीतरी सांगतोय' म्हणजे पदरचं घालून सांगतोय. 'मन खातंय' म्हणतो तेव्हा गुन्हा करणाराही मन आणि खटला भरणाराही मनच. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र हिशेबाचं. लक्ष्मीपुरीतला एखादा जुना व्यापारी कॅल्क्युलेटरला हात न लावता चौदा पोत्यांचा भाव तोंडानं सांगतो, तो हिशेब त्यानं कुठं केलेला असतो? 'मनातल्या मनात.' बुद्धीतल्या बुद्धीत असं कुणी म्हणत नाही. बेरीज-वजाबाकीसारखं कोरडं कामसुद्धा आपण मनाकडंच सोपवलंय. म्हणून 'मन म्हणजे भावना' असं सरळ समीकरण मांडलं की फसलोच.

याच्याही पुढं जायचं तर एका क्रियापदाकडं बघावं लागेल: 'वाटणं'. 'मला वाटतं, आज पाऊस येणार' हा अंदाज आहे, म्हणजे विचार. 'मला वाईट वाटलं' ही भावना. 'घरी जावंसं वाटतंय' ही इच्छा. दिवसातून शंभरदा आपण हे क्रियापद वापरतो आणि ते विचार कुठं संपला, भावना कुठं सुरू झाली हे सांगतच नाही. सभेत 'मला असं वाटतं' म्हणून उठणारा माणूस मत मांडतोय की मन मोकळं करतोय, हे त्याच्या आवाजावरूनच ओळखायचं. ज्या भाषेचं हे रोजचं क्रियापद, तिच्यात हृदय आणि मेंदू यांची हद्द आखायला मोजणीदार बोलावला तरी तो परत जाईल.

बरं, 'हृदय' हा शब्द तरी आपण किती वापरतो? डॉक्टरकडं, कवितेत आणि श्रद्धांजलीच्या फलकावर. बाकी सगळं काळजावर चालतं: काळजात धस्स होतं, काळजाला भिडतं, काळजाचं पाणी होतं. आणि हे काळीज मुळात हृदय नव्हेच, ते यकृत. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात "पावशेर काळीज टाका" म्हटलं की पिशवीत काय येतं ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. हिंदीतल्या कलेजाचीही हीच कथा. त्या काळजापासून 'काळजी' आली, आणि तिच्यात परत दोन्ही बाजू एकत्र. 'काळजी करू नकोस' म्हणजे घोर लावून घेऊ नकोस, 'काळजी घे' म्हणजे डोकं ठिकाणावर ठेवून वाग.

भावनांना आपण घरं तरी किती दिलीत! भीतीचा गोळा पोटात येतो, माया आतड्याची असते, अभिमानानं ऊर भरून येतो, प्रेमात जीव जडतो. राग मात्र थेट डोक्यात. 'डोकं फिरलं', 'डोक्यात जातोय', 'डोक्यात राख घातली' ही थंड विचाराची लक्षणं आहेत काय? आमच्याकडं 'डोस्कं हाय काय?' हा प्रश्न अक्कल काढायला विचारतात आणि 'डोस्कं सटकलं' हे हात उचलायच्या आधी सांगतात. जागा तीच.

हिंदी सिनेमानं 'दिल' आणि 'दिमाग' अशी आणखी एक जोडी कानावर घातली. मराठीनं हे दोन्ही शब्द केव्हाच घेतले होते, पण आपल्या पद्धतीनं. दिल एकटा आला नाही, तो दिलदार, दिलासा, दिलगिरी अशा लोकांबरोबर आला. आणि दिमागाचा झाला दिमाख! दसरा चौकातला सोहळा दिमाखदार असतो, त्यात मेंदूचा काही संबंध उरलेला नाही.

राहिली बुद्धी. तिला तरी आपण निव्वळ हिशेबी ठेवलंय का? 'देवानं त्याला चार पैसे द्यायची बुद्धी दिली' या वाक्यात बुद्धी म्हणजे देण्याची इच्छा. 'कुठून बुद्धी झाली आणि गेलो' यातली बुद्धी तर मनाची सख्खी बहीण. दुर्बुद्धी सुचते, सुबुद्धी होते, विपरीत बुद्धी विनाशकाळी येते. माणूस बुद्धी चालवतो त्यापेक्षा जास्त वेळा बुद्धी माणसाला येऊन गाठते. म्हणून मी म्हणेन, 'मन आणि बुद्धी' ही जोडी लेखी मराठीत बिनचूक आहे, स्पर्धेत वापरावी. पण बोलीत माणूस ही लढाई अशी सांगत नाही.

कशी सांगतो, ते एकाच वाक्यात दाखवतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक गवळी दुसऱ्याला सांगत होता. म्हैस आटलेली, पुन्हा गाभण राहायची आशा नाही, वैरणीचा खर्च अंगावर. तो म्हणाला:

"इकाय पायजे, कळतंय गा. खरं मन हुईना."

म्हणजे विकायला पाहिजे हे कळतंय, पण मन होत नाही. यात बुद्धीही नाही, हृदयही नाही. 'कळतंय' म्हणताना त्यानं 'मला' सुद्धा गाळलं. कळणं ही त्यानं केलेली गोष्ट नाही, त्याला होऊन बसलेली आहे. 'मन हुईना' यातही तो मनाला काही करायला लावत नाही, मन 'होत' नाही. म्हणजे एकीकडं एक गोष्ट झालीय, दुसरीकडं दुसरी होत नाही, आणि गवळी दोन्हींच्या मधे वैरणीचा भारा घेऊन उभा. इंग्रजीतल्यासारखं दोन अवयवांचं भांडण इथं शोधून सापडणार नाही. प्रमाण मराठीत हेच आपण 'कळतं पण वळत नाही' असं म्हणतो. काय वळत नाही ते सांगायची गरज पडत नाही, कारण वळवायचं असतं ते मनच. 'त्याचं मन वळवलं' म्हणतोच की आपण. पोरानं भाषणाला सुरुवात इथून करावी, टाळ्या हमखास.

आता त्या गवळ्याच्या 'खरं'बद्दल, कारण बाहेरचे लोक तिथं हटकून गोंधळतात. कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. 'येतो म्हटला, खरं आला न्हाई.' 'पाऊस झाला, खरं वारं लई.' पुण्याकडचा माणूस असं वाक्य ऐकून विचारात पडतो, की कुठलं खरं आणि कुठलं खोटं? मला वाटतं याचं मूळ प्रमाण मराठीतच आहे. 'तो हो म्हणाला खरा, पण आला नाही' अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो. त्यात 'खरा' आधीच्या गोष्टीला मान देतो आणि 'पण' तिला छेद देतो. दोघं इतके शेजारी शेजारी राहिले की आमच्याकडं 'पण' गळून पडला आणि त्याचं काम 'खरं'नं उचललं. पारखायची खूणही सोपी आहे: हे 'खरं' दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी येतं, त्याच्या आधी थोडा दम घेतलेला असतो, आणि ते कधीच 'खरंच' होत नाही. 'खरंच आला न्हाई' म्हटलं की अर्थ पालटला.

स्पर्धेत परीक्षक बाहेरगावचे असतील तर पोरानं तिथं 'पण'च म्हणावं. कोल्हापूरचे असतील तर बेलाशक 'खरं'.