शिकाऊ बास गिटार बदलून चांगला बास कधी घ्यावा?

घ्या. तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, नवीन बास घ्या.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं नवशिक्यांचा चार तारी बास वाजवताय, आवाज भरीव येत नाही, ४० हजार रुपये साठवलेत. आता पाच तारी ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (आवाज वाढवणारं सर्किट) असलेला बास घ्यावा की आहे त्यावरच अजून हात बसवावा, हे ठरत नाही, कारण सर म्हणतात, "वाद्य बदलून हात बदलत नाही." खरं तर या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलोय.

मी सांगलीत ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. गणपती, नवरात्र, कोजागरी, हळदीचे कार्यक्रम. आमचे मालक स्वतः कीबोर्ड वाजवतात आणि हेच वाक्य त्यांनी मला वर्षानुवर्षं ऐकवलंय. "लेका, आधी हात तयार कर की. बास कुणाला ऐकू येतोय?" कीबोर्डचं नवं मॉडेल आलं की ते हप्त्यावर उचलायचे आणि ती धंद्यातली गुंतवणूक असायची. मी चांगल्या बासचं नाव काढलं की ती हौस.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. हात वाद्यावर तयार होतो, हवेत नाही. वाद्यात दोष असेल तर हात त्या दोषासकट तयार होतो.

माझ्या पहिल्या बासचा नट, म्हणजे खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी, उंच होता. मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, बरोबर सुरात लावलेली असायची, पण पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, दांडीवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) एफ हा सूर दाबला की ट्यूनरचा काटा चढायचा. तार फ्रेटपर्यंत पोचवायला इतकी दाबावी लागायची की ती ताणली जाऊन सूरच वर सरकायचा. त्यातून जोर लावायची सवय लागली. अंगठा नेकच्या मागे रुतायचा, तासाभरात मनगट भरून यायचं. मग हात आपोआप वाट काढतो. मी खालच्या फ्रेट टाळायला लागलो आणि एफ आला की ए तारेच्या आठव्या फ्रेटवर जाऊन एक सप्तक वरचा घ्यायला लागलो. आवाज साहजिकच बारीक झाला. मालक म्हणायचे, "बघ, हातात वजनच नाही." हातात वजन होतं. ते सगळं तार दाबण्यात खर्च होत होतं.

शेवटी तो बास मी मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या एका चाचांकडे आमच्या हार्मोनियमवाल्यांची ओळख होती. चाचा तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तार भरून वाजावी म्हणून घोडी घासत, बसले होते. इलेक्ट्रिक बास त्यांनी कधी हातात घेतलेला नव्हता, पण तारेचं वाद्य ते तारेचं वाद्य. त्यांनी ई तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूत किती फट राहते ते डोळा लावून बघितलं. तिथं बसचं तिकीट दुमडून सरकवलं असतं तरी शिरलं असतं. खरं तर ती फट दिसेल न दिसेल एवढीच हवी. चाचांनी तार बाजूला घेतली, बारीक कानशीनं नटच्या खाचेत दोन-चार हात मारले, तार परत चढवली, सुरात लावली, दाबून बघितली, पुन्हा उतरवली. चारही तारांना हाच सोपस्कार. खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवला. "इकडं सपाट राहिली तर तार कुरकुर करती," एवढंच बोलले. घरी येऊन एफ वाजवला आणि ट्यूनरचा काटा मध्यावर थांबला. हात तोच होता, आदल्या दिवशीचाच.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली वाद्यं देशभरातले गवई वापरतात. जवारी उतरली की गाणारा माणूस तंबोरा उचलतो आणि कारागिराकडे नेतो. "आधी गळा तयार कर, मग जवारी काढ," असं त्याला कुठलाही गुरू सांगत नाही. उलट बेसूर तंबोऱ्यावर रियाज करूच नये म्हणतात, कान बिघडतो म्हणून. मग बास वाजवणाऱ्या पोरालाच हा उपदेश का? मालकांना मी हे तोंडावर विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, विषय बदलला.

तर तुमचं पहिलं काम हे, की ४० हजारांतला एक रुपयाही खर्च करण्याआधी आहे तो बास नीट सेट करून घ्या. नव्या तारा टाका, ४५ ते १०५ जाडीचा सेट (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात). दोन वर्षं त्याच तारा असतील तर 'भरीव नाही' ही तक्रार निम्मी तिथंच मिटेल. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ असते, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, आवळा, तार फ्रेटला चिकटत असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात आपल्याकडे नेक हलतोच, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर पुन्हा बघायचं. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आली की हाताला फरक कळतो.

पण सेटिंगनं सगळं सुटत नाही, आणि इथं मी बास घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. माझ्या त्या बासचे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) सिंगल कॉइलचे, एकेका वेटोळ्याचे होते, असे पिकअप विजेची गुणगुण पकडतात, आणि आत ती अडवणाऱ्या शिल्डिंगचा पत्ता नव्हता. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की अशा दोन पिकअपची गुणगुण एकमेकांना मारते म्हणतात. फेंडर कंपनीच्या चांगल्या जॅझ बासवर ते खरंही आहे, कारण तिथं दुसरा पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. माझ्यात तेही नव्हतं. इचलकरंजीत एका मंडळाच्या मांडवात अर्थिंग धड नव्हतं आणि बास नुसता घोंघावत होता. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत खालची पांढरी पाच, ४९ हर्ट्झ. इतके जवळचे दोन आवाज एकत्र वाजले की लाटा येतात. गाणं पांढरी पाचमध्ये होतं आणि मी सा धरला की स्पीकरमधून तो सा डुलायला लागायचा. गायिकेनं दोनदा वळून बघितलं. साउंडवाल्यानं फेडर खाली ओढला. मालक स्टेजवरूनच म्हणाले, "राहू दे, बास मी कीबोर्डवर डाव्या हातानं काढतो." उरलेला कार्यक्रम मी बंद बास गळ्यात घालून उभा राहिलो. दहाला स्पीकर बंद होईपर्यंत.

त्यानंतर मी यामाहाचा बीबी४३४ घेतला. जुना होता. पुण्यातला एक मुलगा परदेशी चालला होता, त्यानं काढला. त्यात पुढचा पिकअप फेंडरच्याच प्रिसिजन बाससारखा दोन तुकड्यांचा आहे. ही रचना फेंडरनं १९५७ साली आणली आणि गुणगुण मारायला तिच्याहून साधा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. बॅटरी नाही, फारशी बटणं नाहीत. नेक सरळ, प्रत्येक फ्रेट सारखी वाजते, ई तार जी तारेइतकीच जोरकस.

पहिल्या कार्यक्रमात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तीच गायिका, तसाच मांडव. मध्यंतरात ती चहा घेताना म्हणाली, "आज सूर पटकन सापडतोय, काय केलंत?" तिनं माझ्या हाताकडे किंवा बासकडे बघितलेलंही नव्हतं. खालून सा स्थिर मिळाला की गाणाऱ्याला पाय टेकायला जागा होते, एवढंच. आणि मालक काय म्हणाले? "बघ, हात सुधारला तुझा." आठवड्यात कुणाचा हात सुधारत नाही हो. आठवड्यात फक्त वाद्य बदललं होतं. मी ते त्यांना सांगितलं, आजही सांगतो, आणि ते आजही मान्य करत नाहीत.

मालकांसारखे लोक हमखास जेम्स जेमर्सनचं नाव घेतात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा एवढा मोठा बासवादक, तारा बदलायचा नाही, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उंच, तरी कसा वाजवायचा बघा. अहो, पण त्याच्या हातात काय होतं? १९६२चा फेंडर प्रिसिजन. त्या काळच्या व्यावसायिकांचं वाद्य. उंच ॲक्शन ही त्याची निवड होती, कारखान्यानं माथी मारलेला दोष नव्हता. दोन्हींत फरक आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ॲक्टिव्ह घेऊ नका, निदान आत्ता तरी. प्रीॲम्पमुळे दुकानात आवाज मोठा आणि चकचकीत वाटतो, पण स्वस्त ॲक्टिव्ह बासमध्ये पैसे प्रीॲम्पवर गेलेले असतात, नेकवर नाही. वर ऐन गाण्यात नऊ व्होल्टची बॅटरी मान टाकते. तुमच्या बजेटच्या आसपास यामाहाचे बीबी आणि स्क्वायरचे क्लासिक व्हाइब बघा. नवा जमत नसेल तर जुना. पी-जे रचना, म्हणजे एक पिकअप प्रिसिजनचा आणि एक जॅझचा, असेल तर बहुतेक सगळं निभावतं. पाच तारीचं उत्तर तुमच्या गायकावर आहे. तो काळी एकमध्ये गाणारा असेल तर चार तारीवर त्याचा सगळ्यात खालचा सा नाहीच, कारण चार तारी पांढरी तीनवर संपतो. अशी गाणी रोज वाजवायची असतील तर पाच तारी घ्या. एरवी स्वस्त पाच तारीची बी तार लिबलिबीत निघते आणि तुमची भरीवपणाची तक्रार कायम राहते.

हेही सांगायला हवं की मी बोटांनी वाजवणारा माणूस, स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारेवर आपटून वाजवणं, माझ्या हातात नाही. तुम्ही मुख्यतः स्लॅप वाजवत असाल तर माझं ॲक्टिव्हबद्दलचं मत बाजूला ठेवा. हात लहान असेल तर प्रिसिजनचा रुंद नेक जड जाईल, जॅझचा नट साधारण ३८ मिलिमीटरचा असतो, तो बघा. आणि घरी आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या ॲम्पवर ऐकत असाल तर मोकळ्या ईचा ४१ हर्ट्झचा पाया तुम्हाला कुठल्याच बासमध्ये ऐकू येणार नाही. निर्णय त्यावर घेऊ नका, चांगला हेडफोन लावून ऐका किंवा बँडच्या पीएवर, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरवर, लावून बघा.

जुना घेताना ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का ते विकणाऱ्यासमोर बघा. तो अडकलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडा. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवून सूर किती टिकतो ते ऐका, विशेषतः जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये. बोल्टनं जोडलेल्या नेकमध्ये तिथं सूर थोडा लवकर मरतो, अगदी महागड्या फेंडरमध्येसुद्धा. थोडा चालतो. ठक्क करून बंद पडत असेल तर घेऊ नका. आणि सध्याचा बास विकू नका, त्याचे पैसे येत नाहीत. सेट करून कार्यक्रमाला जोडीचा म्हणून न्या.