दहा दिवस असतील तर सुरीनामच

नेदरलँड्सला मुलीकडे जाणार आहात, तिथून दहा दिवस सुरीनामला जावं की पॅरिस-रोम करावं, असं तुम्ही विचारलंय. मी दोनदा जाऊन आलेय आणि मनापासून सांगते, सुरीनामच. ॲमस्टरडॅमहून तिथल्या राजधानीला, पारामारिबोला थेट विमान आहे, नऊएक तास लागतात.

दक्षिण अमेरिकेतला हा देश महाराष्ट्राच्या साधारण निम्मा, वस्ती जेमतेम सहा लाखांवर, बाकी सगळं जंगल. १९७५ पर्यंत डचांची वसाहत होती. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला त्यांनी १८७३ ते १९१६ या काळात कलकत्त्याहून सुमारे ३४ हजार माणसं करारावर नेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. पुढे जावाहूनही आणली.

हे सगळं वाचून गेले होते, पण उमगलं ते पारामारिबोच्या बाजारात. एका आजींनी हातावर गरम 'बारा' ठेवला. उडदाच्या पिठाचा, मध्ये भोक, वर झणझणीत चटणी. आत हिरवं काय म्हणून मोडून पाहिलं, तर अळूच्या जातीची बारीक चिरलेली पानं! मी हिंदीत बोलत होते, त्या सरनामीत; म्हणजे भोजपुरी-अवधीतून तिथेच घडलेल्या बोलीत. निम्मंअधिक कळत होतं. शेजारची जावानीज बाई आली की त्या लगेच स्रानानवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या सामाईक बोलीवर जायच्या. त्यांच्या पणजोबांचं गाव त्यांना ठाऊक होतं. जहाजावर चढताना जिल्हा, ठाणं, गाव लिहून घेत, त्या नोंदींतून नातवानं शोधलं होतं. गावाचं नाव त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं.

शहर पायी फिरा. जुना भाग लाकडी घरांचा, २००२ पासून जागतिक वारसा यादीत. कायझरस्ट्राट या रस्त्यावर मशीद आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अगदी शेजारी-शेजारी आहेत. दोन दिवस पुरतात.

उरलेले दिवस मात्र नदीला द्या. आत्योनी गावाशी रस्ता संपतो, पुढे लांबलचक लाकडी होडी. वरच्या अंगाला सारामाका लोकांची गावं आहेत. मळ्यांतून पळून जंगलात गेलेल्या गुलामांचे हे वंशज. १७६२ मध्ये डचांना यांच्याशी तह करावा लागला. खडकाळ धारेत एक माणूस होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून बांबूसारख्या लांब काठीनं होडी सावरतो, मागचा इंजिन सांभाळतो, आणि दोघं एकमेकांशी फक्त हातानं बोलतात. तो प्रवास मी अजून विसरले नाही.

समुद्रकिनाऱ्यासाठी जाणार असाल तर नको. किनारा चिखलाचा, पाणी गढूळ. जंगलातला मुक्कामही स्वस्त नाही, तिथे हात आखडता घेऊ नका. ऑगस्ट ते नोव्हेंबर कोरडे महिने, तेव्हा जा. आणि पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड सोबत नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवू शकतात.