उत्तर: "गाणी त्याचीच आहेत, कागद कशाला?"

तुझी पोस्ट वाचून पोटात गोळा आला. अंबरनाथच्या रॅपर मित्रावर माहितीपट, बहुतेक शूट आटोपलंय, रफ कट (कच्चं संकलन) सुरू आहे, आणि परवानग्यांबद्दल एवढंच लिहिलंयस : 'गाणी त्याचीच आहेत, तो मित्रच आहे.' काही वर्षांपूर्वी मीही माझ्या एडिटरला हेच ऐकवलं होतं.

कॅमेरा, मुलाखती यावर बोलत नाही, ते तुला जमतंय.

माझ्या माहितीपटातला रॅपर, माझा गडी, भांडुपचा. दिवसा कुरिअर, रात्री सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करणं. पत्र्याच्या खोलीत गादी उभी करून भिंतीला टेकवायची आणि तिच्याकडे तोंड करून रेकॉर्डिंग. पावसाळ्यात तेही बंद. शब्द त्याचे, आवाज त्याचा. पण बीट, म्हणजे शब्दांखालचं तयार संगीत? ती त्याने ऑनलाईन कुणा परदेशी प्रोड्यूसरकडून लीजवर, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला घेतलेली. पैसे दिले म्हणजे विकत घेतली, असं त्याला वाटलं आणि मलाही. लीजचा कागद नीट वाचला तर त्यात स्ट्रीम्सची (गाणं ऑनलाईन किती वेळा वाजेल त्याची) मर्यादा होती आणि सिनेमात वापरायची मुभा नव्हतीच.

खरी चूक पुढची. एडिटरने कट फक्त लिंक असणाऱ्यांना दिसेल असा यूट्यूबवर चढवला, त्याच रात्री बीटवर कॉपीराईट क्लेम आला. मी म्हटलं, 'नंतर बघू.' शेवटचा सात मिनिटांचा सीन त्याच बीटच्या ठेक्यावर कापत बसलो. मग एका महोत्सवाने प्रवेशअर्जासोबत संगीताच्या हक्कांचं हमीपत्र मागितलं. आता सही कशावर करणार?

मी वकील नाही, माझ्या भरवशावर सही करू नकोस. पण एवढं पक्कं आहे : 1957च्या कॉपीराईट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन वेगळी कामं धरली जातात, आणि तिघांचे मालक वेगळे असू शकतात. परवानगी लेखी हवी. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे मित्राने प्रेमाने लिहून दिलेली दोन ओळींची चिठ्ठी बर्लिनच्या महोत्सवाला चालणार नाही.

हक्कांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. नाव घेत नाही. त्यांच्या फॉर्मवर दोनच रकाने, चित्रपट आणि जाहिरात. माहितीपट म्हटल्यावर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, 'सरकारी आहे का?' नाही म्हटलं तर 'मग जाहिरातीत टाका.' जाहिरातीचा दर ऐकून खाली येऊन चहा प्यायलो. तिसऱ्या खेपेला कळलं की तो प्रोड्यूसर त्यांचा सदस्यच नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? असो.

शेवटी बीट काढली. मूळ व्होकल्स (नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग) वेगळे मिळाले असते तर त्याखाली नवं संगीत बसवता आलं असतं, पण माझ्या गड्याची हार्ड डिस्क केव्हाच मेलेली. मग त्याच खोलीत त्याने टेबलावर थाप मारत तेच शब्द पुन्हा म्हटले, आणि आम्ही सीन नव्याने कापला. लोक म्हणतात छान झालाय. मला अजून खटकतो. तू आजच तुझ्या मित्राकडून सगळ्या गाण्यांचे नुसते व्होकल्स मागून दोन ठिकाणी ठेव.

जाता जाता, पटलं नाही तर सोडून दे. रॅपरला 'कुणालाच माहीत नसलेला हिरा' करू नकोस. अमेरिकन गायक रॉड्रिगेझवरच्या 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, पण 1979 आणि 1981 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते, ते त्यात गाळलेत. मला ते आवडलं नाही. तुझ्या मित्राला तीनशे माणसं ऐकत असतील तर ती तीनशे दाखव. आणि गाताना शूट करतोस तेव्हा गाणं पूर्ण घे, तुकडे नको. लोकशाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या 1985च्या 'हमारा शहर' या माहितीपटात गाताना दिसतात; 1997 मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर त्यांनी आत्महत्या केली. जे रेकॉर्ड झालं तेवढंच हाती राहतं.

बीट कुठून घेतली त्याची पावती किंवा मेल त्याच्याकडे असेलच. नाव-पत्ता खोडून फोटो इथे टाक, लीज कुठल्या प्रकारची आहे ते बघून सांगतो. तोवर शेवटचा सीन कापू नकोस.