रत्नागिरीत स्लॅबच्या घरावर सोलर बसवलं तर पैसे सुटतात का? किती किलोवॅटचं घ्यावं?

सुटतात. तीन किलोवॅट घ्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीनला 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि पाच घेतलंत तरी तेवढंच, त्यामुळे साध्या घराला त्याच्या वर जाण्यात हशील नाही.

पण विचारायला हवं ते तुम्ही विचारलंच नाहीत. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा, कशाचं?

आमचं घर मुरुगवाड्यात, समुद्राच्या अगदी जवळ. सोलरचं ठरत होतं तेव्हा पुण्याचे भावोजी आले होते. "कोकणात चार महिने सूर्य दिसत नाही, पैसे पाण्यात जाणार" हे ऐकवून झालं आणि वर स्वतःच्याच ओळखीचा फॅब्रिकेटर गळ्यात मारायला लागले. त्याचं कोटेशन स्वस्त, कारण साधे लोखंडी अँगल आणि वरून रेड ऑक्साइडचा तांबडा रंग. मी हॉट डिप गॅल्व्हनाइज्डवर, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडावर, आणि खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस बोल्टांवर अडून बसलो. भावोजी म्हणाले, "बोल्टच आहेत ना, सोन्याचे घे की मग!" मी ऐकलं नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या गच्चीवर गेलो, तर बोल्टांच्या डोक्याखालून तांबडे ओघळ पार काचेपर्यंत आलेले. एकाला पाना लावला, तर डोकंच तुटून हातात आलं. इथे काचेवरून नुसतं बोट फिरवा, चिकट खार लागतो. उन्हाळ्यात गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय जात नाही. तो खार लोखंडाला सोडणार होता?

राहिला पाऊस. किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरा. जुलैत ती निम्म्यावर येतात, मान्य. पण नेट मीटरिंगचा, म्हणजे तुम्ही लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याचा, हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. एप्रिल-मेत जास्तीची झालेली युनिटं खात्यावर राहतात आणि पावसाळ्यातल्या बिलांत वळती होतात. मार्चअखेर उरलेल्यांना मात्र किरकोळ भाव मिळतो, म्हणूनही मोठी सिस्टीम नको. आणि विदर्भातलं ऊन कडक म्हणून तिथे वीज जास्त, हेही भावोजींचंच ज्ञान. पॅनेल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण 0.4 टक्के उत्पादन घटतं. आपल्याकडे निदान वारा तरी असतो.

हां, लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. भावोजींना हे कळलं, ते त्यांना अख्खी दिवाळी पुरलं. शिवाय दुपारनंतर गच्चीवर माडाची सावली येत असेल तर आधी तिचं बघा. एका पॅनेलवर झावळी पडली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं.

किती वर्षांत सुटतील म्हणाल, तर बिल किती येतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. कोटेशनवर बोल्टांचा ग्रेड लेखी घ्या. मध्ये कोणी शहाणपण शिकवायला लागलं, तर त्यांच्या गच्चीवर किती पॅनेल आहेत ते विचारा. भावोजींच्या गच्चीवर एकही नाही, सोसायटी एनओसी देत नाही म्हणे.