जुंटा, जुंता की हुंता?

प्रश्न असा आहे: म्यानमारच्या बातम्यांत तिथल्या लष्करी राजवटीसाठी 'जुंटा' वाचायला मिळतं, चिलीवरच्या एका लेखात मात्र 'हुंता' होतं. हे दोन शब्द की एकच? आणि त्याचं 'जनता'शी काही नातं आहे का?

शब्द एकच, आणि तो स्पॅनिश. त्यातलं पहिलं अक्षर 'ह' आणि 'ख' यांच्या मधोमध, घशातून घासत येतं. 'त' अगदी आपल्या तांदळातला. म्हणून हुंता. पोर्तुगीजांकडे तोच जुंता होतो. पणजीतलं 'जुंता हाऊस' अनेकांना माहीत असेल. 'जुंटा' आपल्याकडे इंग्रजीतून आला.

'जनता'शी नातं नाही, पण दुसरं एक आहे. हुंताच्या मुळाशी 'जोडणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि तो संस्कृत 'युज्'चा भाऊबंद. म्हणजे आपले योग, युक्त आणि बैलांच्या मानेवरचं जू हे हुंताच्याच भावकीतले! जोडलेली, एकत्र बसलेली माणसं म्हणजे हुंता; साधं 'मंडळ'. पोर्तुगालमध्ये आजही रहिवासाचा दाखला काढायला लोक स्थानिक जुंताच्या कचेरीत जातात.

मग या शब्दाला बंदुकीचा वास कुठून लागला? १८०८मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला अडकवून ठेवलं, तेव्हा तिथे ठिकठिकाणी हुंता उभ्या राहिल्या. १८१०मध्ये हे लोण दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींत पोहोचलं: एप्रिलमध्ये व्हेनेझुएलातलं काराकास, २५ मे रोजी अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स, १८ सप्टेंबरला चिलीतलं सांतियागो. कारभार राजाच्याच नावाने चालायचा, पण स्वातंत्र्याची वाट तिथूनच फुटली. चिलीचा राष्ट्रीय दिन आजही १८ सप्टेंबरच आहे.

ब्युनोस आयर्समधल्या चौकाला त्या मे महिन्यावरून 'प्लासा दे मायो' म्हणतात. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या प्रमुखांनी सत्ता घेतली आणि आपल्या तिघांच्या मंडळालाही हुंताच म्हटलं. हजारो माणसं उचलून नेली, ती परतली नाहीत. एप्रिल १९७७पासून त्यांच्या आया त्याच चौकात जमू लागल्या. घोळका करून थांबायला पोलिसांची मनाई, म्हणून त्या चालत राहिल्या. पुढे डोक्याला पांढरे रुमाल आले. तिथल्या भुयारी रेल्वेच्या 'ए' मार्गावर 'प्लासा दे मायो' आणि 'प्रिमेरा हुंता', म्हणजे १८१०ची 'पहिली हुंता', ही दोन्ही स्थानकं आहेत. एकाच शब्दाची दोन टोकं एका गाडीने जोडलेली पाहून मला दर वेळी गलबलून येतं.

तेव्हा लॅटिन अमेरिकेबद्दल लिहिताना 'हुंता'च लिहावं, आणि सत्ता सेनाधिकाऱ्यांची असेल तर मागे 'लष्करी' जरूर जोडावं. ती द्विरुक्ती नव्हे. म्यानमारसाठी 'जुंटा' रुळलाय, तरी मी तिथे 'लष्करी राजवट' लिहीन. वाचणाऱ्याला लगेच कळतं.